तिसऱ्या घावाच्या पुढे

माझ्या टोकाचा बोटाच्या पेराएवढाच भाग चकाकतो. त्याच्या वर लोखंड काळंभोर आहे, आणि दांडा बसवलेल्या भोकाच्या कडेला हळदीचा पिवळा थर साचला आहे. एवढ्यावरून तुम्हांला कळेल, मित्रांनो, की ही कुदळ म्हातारी झाली, तरी तिने खोल कधी खणलेलं नाही.

इंदापूरच्या हमरस्त्यावर मोडलेल्या एका ट्रकच्या पाट्याचं लोखंड बारामतीच्या लोहाराने तापवून ठोकलं, तेव्हा मी झाले. बाभळीचा दांडा बसला. मला वाटलं, आता विहिरी खणायच्या. पण मला घेतलं रावजीआबांनी, मूळच्या शेतकऱ्याने. ते नुकतेच आमदार झाले होते आणि पहिल्याच भूमिपूजनाला निघाले होते. ते काम तडीस गेलं, आणि ही कुदळ आबांना लाभते असं ठरून गेलं.

तेव्हापासून जीपच्या मागच्या बाकाखाली, पिवळ्या फडक्यात माझी जागा. आबा आमदाराचे राज्यमंत्री झाले, पुन्हा आमदार झाले, जीपही बदलल्या. मी तीच राहिले. नारळ फुटायचा, मला हळदकुंकू लागायचं, आबा तीन घाव घालायचे, टाळ्या पडायच्या. लगेच ड्रायव्हर कुंडलिक मला पुसून गुंडाळायचा. चौथा घाव कसा असतो, मला ठाऊक नव्हतं. त्या मातीखाली काय असेल? मुरूम? ओल? एखादं जुनं मूळ? आणि मी गेल्यावर तिथे काय उभं राहत असेल?

कधीकधी उत्तर मिळायचं. लोणी देवकरच्या वाटेवर एकदा जीप थांबली, तेव्हा दाराच्या फटीतून मला शाळा दिसली. तिचा पहिला घाव माझा होता. मुलं दप्तरं उडवत बाहेर पडत होती. कितीतरी दिवस मी त्या आनंदात होते.

कळसच्या पुढे एका गावाला ओढा आहे. नव्वदच्या निवडणुकीआधी तिथल्या पुलाचं भूमिपूजन झालं, वरच्या अंगाला, बागायतदार संभाजीरावांच्या डाळिंबाजवळ. पहिल्याच घावाला मी काळ्या मातीत गळ्यापर्यंत रुतले. आबांनी मला उपसून काढलं आणि हाताला लागलेली माती चोळून बघितली. पंचाण्णवच्या निवडणुकीआधी आम्ही पुन्हा तिथेच गेलो. पूल तोच, पण घाव खालच्या अंगाला, बुद्धविहाराशेजारच्या वस्तीपाशी.

परतताना कुंडलिक म्हणाला, "आबा, एका पुलाची दोन भूमिपूजनं? पूल काय तिरका घालायचा?"

"गप गाडी चालव," आबा म्हणाले. "बघू."

'बघू' हा आबांचा आवडता शब्द. तो ऐकून कोणी रागवायचं नाही आणि कोणाचं काही व्हायचंही नाही.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात पुलाला मंजुरी आली. कोरड्या ओढ्याच्या काठी, खालच्या अंगाला वस्तीपाशी सगळे जमले. इंजिनिअरने विचारलं, "आबा, जागा कुठली धरायची?"

संभाजीराव पुढे झाले. "वरच्या अंगाला घाला. माझा डाळिंबाचा ट्रक थेट बांधावर येतोय. आन् आबा, आमच्या आळीची मतं ध्यानात ठिवा."

वस्तीवरच्या ताईबाई नातीला, प्रियदर्शनीला घेऊन आल्या होत्या. हायस्कूल ओढ्यापलीकडे.

"जय भीम, आबा. पाणी आलं की पोरगी घरात बसती. गेल्या साली परीक्षा हुकली तिची. पूल वर झाला तर ह्यांच्या बागंचं कुंपण आडवं हाय, आमी जायाचं कुठनं?"

"बघू की, ताईबाई."

ताईबाईंनी कुंडलिकच्या हातातून मला सरळ काढून घेतलं. "हिला वळखती मी. तीन घाव झालेत हितं. आता चौथा घाला."

"अवो, आबांचं वय बघा की," संभाजीराव हसले.

"वय बघूनच म्हनती. माझी नात म्हातारी व्हायच्या आत पूल हुंद्या."

सगळे हसले. आबाही हसले, आणि त्यांनी ताईबाईंच्या हातून मला घेतलं. चौथा घाव पडला. माती सुटली, खाली मुरूम लागला. पाचवा. मग सहाव्याला मी अशी खणखणले की माझा दांडा थरथरला. खडक! माझ्या साऱ्या आयुष्याच्या कुतूहलाचं उत्तर एवढ्या जवळ होतं.

पुलाच्या पायाला असाच खडक लागतो; इंजिनिअर वाकून बघू लागला. आबांना वाकायची गरज नव्हती. वरच्या अंगाची माती किती भुसभुशीत आहे, हे शेतकऱ्याच्या त्या हातांना नऊ वर्षांपूर्वीच कळलं होतं.

मित्रांनो, घरातलं अवजार हळदकुंकू लावून नुसतं ठेवू नका. हाती घेतलं की काम पुरं करा. अर्धवट कामाची चुटपुट लोखंडालाही लागते.

आबा माझ्या दांड्यावर भार टाकून धापा टाकत उभे होते. कुंडलिक फडकं उघडून 'बघू' ऐकायची वाट बघत होता. आबांनी घाम पुसला आणि ताईबाईंकडे नाही, संभाजीरावांकडे बघितलं.

"पूल हितंच हुनार, संभाजीराव. वस्तीपाशी. मतांचं तुमी ठरवा."