बिनविरोध नको!

सुंदरराव वीस-बावीस वर्षं साखर कारखान्याचे संचालक होते. ज्या साली त्यांचं पॅनल पडलं, त्याच साली पावसानंही दगा दिला. केजकडच्या त्यांच्या गावात ना ऊस राहिला ना माणसं. मग मुलानं, मोहनरावनं, त्यांना आणि त्यांच्या बायकोला, छबुबाईंना, परळीच्या अलीकडं, 'हिरवळ' सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या आपल्या बंगल्यात आणून ठेवलं.

वस्ती लई तालेवार. वीज केंद्रातले इंजिनिअर, बँकेतले साहेब, डॉक्टर, व्यापारी; कुणी मद्रासकडचा, कुणी पंजाबातला, कुणी पार बंगालातला. सकाळी मोटारींची रांग फाटकातून परळीकडं, अंबाजोगाईकडं निघायची, ती दिवेलागणीलाच परत यायची. दिवसभर सगळीकडं सामसूम. कडक इस्त्रीचे कपडे घालून सुंदरराव व्हरांड्यात बसायचे, आणि त्यांना नमस्कार घालायला फाटकावरचा धुळाजी तेवढा असायचा. एकट्या धुळाजीच्या नमस्कारावर पुढाऱ्याचं पोट कसं भरावं?

अशात संस्थेच्या चेअरमनची बदली झाली. रविवारी बागेत बैठक बसली. अय्यरसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "सुंदररावजी रिकामे आहेत. तेच चेअरमन. ठीक?" टाळ्या पडल्या. लोक चहाकडं वळले.

सुंदररावांच्या छातीत कळच आली. ना सभा, ना मिरवणूक, ना कुणी आडवा आलेला! आणि वर 'रिकामे'!

"थांबा!" ते कडाडले. "अशी कुठं निवडणूक असती का? आमी आजपातूर लढून निवडून आलो. कुणीतरी उभं राहा माझ्याविरुद्ध!"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. ग्रेवालसाहेबांनी मान खाजवली. "मला तर टाइम नाही. पाहिजे तर आमच्या टायगरला उभं करा." टायगर त्यांचा कुत्रा.

घरी येऊन सुंदररावांनी छबुबाईंना गळ घातली. "तू उभी राहा. डमी म्हणून. नुसतं नावाला."

"मी कावून? मला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळायचं न्हाई, म्हणून तर."

छबुबाईंनी लसूण सोलता सोलता विचार केला. "बरं. निशाणी?"

"मी ऊस घेतलाय."

"मग मला घागर."

दुसऱ्या दिवसापासून सुंदररावांनी रान उठवलं. मोहनरावच्या जीपवर भोंगा बांधून ते वस्तीभर फिरले. पण मतदार सगळे कामावर. भाषण ऐकलं ते धुणंभांडी करणाऱ्या बायांनी, आणि टायगरनं. तो तर जीपमागं शेवटपर्यंत भुंकत आला. तरी सुंदररावांना रंग चढला आणि चढत्या रंगात त्यांनी जुन्या सवयीनं आश्वासन देऊन टाकलं: "मला निवडून द्या, हिरवळीत पोहण्याचा तलाव बांधून दाखवतो!"

वस्तीची बोअर आटून महिना झाला होता. पाणी टँकरनं यायचं, तेही एक दिवसाआड. टँकर आला की पहिल्या गल्लीतले लोक पाइप लावून बागा भिजवायचे, मोटारी धुवायचे. मागच्या गल्लीत अय्यरसाहेबांच्या म्हाताऱ्या आईच्या हंड्यात टँकरच्या तळाचा गाळ यायचा.

छबुबाईंनी भाषण केलं नाही. टँकर आला त्या दुपारी पदर खोचून त्या जाऊन उभ्या राहिल्या आणि पाइपच हातात घेतला. "पयले प्यायचं. मग आंघोळीचं. गाड्या धुळीच्याच चांगल्या दिसत्यात." अय्यरांच्या आईला मराठी येत नव्हती, छबुबाईंना तमिळ, पण दोघी हातवारे करून तासभर बोलल्या. संध्याकाळी डॉक्टर सिद्दीकींच्या बेगमनं शिरखुर्मा पाठवला. सुंदररावांनी तो मिटक्या मारत खाल्ला. आपलाच प्रचार चाललाय, अशी त्यांची समजूत.

मतदानाच्या आदल्या दिवशी बागेत शेवटची सभा झाली. रविवार असल्यानं गर्दी होती. बोलता बोलता सुंदरराव तलावाच्या आश्वासनावर आले तशी मागून छबुबाई म्हणाल्या, "अवो, त्यात पाणी कुठलं वतायचं?"

बाग हसून लोळली. सुंदररावांनी घसा खाकरला, पाणी मागितलं. आणि पाणी मागितलं म्हणून लोक आणखीच हसले.

सोमवारी कामावर जायच्या आधी चिठ्ठ्या पडल्या. डॉक्टर सिद्दीकींनी त्या मोजल्या. घागर, घागर, घागर... उसाला पडल्या दोन. एक सुंदररावांची स्वतःची.

घरी आल्यावर ते कॉटवर आडवे झाले, जेवेनात. छबुबाई ताट घेऊन उशाशी बसल्या.

"एक मत माझं," सुंदरराव छताकडं बघत म्हणाले. "दुसरं देनारा कोन बे इतका येडा?"

"बे कुणाला म्हंता? मीच दिलं. तुमची निशाणी दिसली की शिक्का तिथंच पडतोय. हाताला सवय लागली, त्याला काय करू?"

सुंदररावांनी कूस बदलली, मग ते उठून बसले आणि भाकरी मोडली. भाजीला मीठ कमी होतं. तरी त्यांनी ताट पुसून खाल्लं.

छबुबाईंचं राज्य सुरू झालं. मोटारी धुणं बंद, लॉनला पाणी बंद, मागच्या गल्लीला पहिला पाइप. आठवड्याभरात 'हिरवळ' पार पिवळी पडली. तसे एका संध्याकाळी ग्रेवालसाहेब तणतणत आले. त्यांचं लॉन जळालं होतं, त्यांच्यामागं आणखी तिघा-चौघांचे रागावलेले चेहरे.

"मॅडम कुठं आहेत? ही काय हुकूमशाही?"

व्हरांड्यात पडलेले सुंदरराव ताडकन उठले. कारखाना गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांत असं तेज कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी आत वाकून पाहिलं. छबुबाई चुलीशी नसून टँकरवाल्याशी फोनवर भांडत होत्या. सुंदररावांनी दार हळूच ओढून घेतलं, खुर्च्या मांडल्या आणि आवाज खाली आणला.

"बसा, ग्रेवालसाहेब, बसा. आपल्या बाजूनं मानसं किती हायत, ते आधी बोला."