मापांच्या वहीचं शेवटचं पान

जुन्या कागदांवरचे डाग काढणं हा माझा धंदा, आणि गिऱ्हाइकाने मला माझा धंदा शिकवलेला खपत नाही. त्यामुळे समोरच्या चाळिशीच्या बाई तिसऱ्यांदा "जरा जपून हं" म्हणाल्या तेव्हा मी फटकारलंच, "ताई, लेझर आहे हा, घासणी नव्हे."

वही त्यांच्या आईची होती. आई कपडे शिवायची, त्यात गिऱ्हाइकांची मापं लिहायची. दुकान जळालं तेव्हा वही वाचली, पण शेवटचं पान काजळीने काळंठिक्कर झालं आणि मागून पुठ्ठ्याला चिकटलं. नेमकं तेच पान घरच्यांच्या मापांचं.

"मी थोरली, तिच्या मनाविरुद्ध लग्न केलं. अकरा वर्षं तिने माझं तोंड पाहिलं नाही, आणि गेल्या वर्षी गेली," ताई म्हणाल्या. "माझं नाव ठेवलं होतं की खोडलं, एवढंच बघायचंय. खोडलं असेल तरी चालेल."

चालणार नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मी यंत्र सुरू केलं. युक्ती साधी आहे: काळं असेल ते प्रकाश शोषून उडून जातं, पांढरा कागद तो परतवून लावतो. टिकटिक करत नखाएवढा कोपरा उजळला. मी खुशीत भिंग लावलं आणि यंत्र खटकन बंद केलं. काजळीच्या कडेला एका आकड्याचं शेपूट दिसत होतं. उरलेला आकडा मी साफ केलेल्या जागेत असायला हवा होता, आणि तिथे काहीच नव्हतं.

पेन्सिल! कापडाजवळ शाई कोण आणेल? हे मी आधी विचारायला हवं होतं. लेझरला काजळी काय आणि पेन्सिल काय, दोन्ही काळीच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत झाली होती.

"ताई, चूक माझी आहे. एक आकडा गेला. पुढे गेले तर सगळंच जाईल."

त्या पानावर वाकल्या. मग म्हणाल्या, "आई लिहायची नाही हो, कोरायची. दिवसाला दोन टोकं मोडायची."

मी झटकन विजेरी घेतली आणि कागदाला आडवी टेकवून धरली. गेलेला आकडा तिथेच होता, खाच होऊन. चार.

"अक्षरं जातील, खाचा राहतील. करू?"

"करा."

दोन तासांनी पान कोरंकरकरीत झालं. मी दिवे मालवून विजेरी धरली. वरती 'धाकटी'. खाली 'थोरली'. खोडलेलं नव्हतं. पुढे दर वर्षाचं एक माप, अकराही वर्षांचं, हळूहळू वाढत गेलेलं. शेवटच्या मापापुढे लिहिलं होतं: 'अंदाजे. शिवणीत जास्तीचे दोन इंच आत सोडले.'

ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बरोबर आहे हो माप," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.