करडे रविवार

“मॅडम, एकदा बंद करून परत चालू केलंत का?” सर्दीवाल्याने विचारलं, आणि वहिनींना हसावं की रडावं ते कळेना. गेले काही दिवस त्या दुसरं काही करतच नव्हत्या.

सर्दीवाला हे अर्थातच त्या माणसाचं नाव नव्हे. तो सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकक्षात फोन घेई आणि प्रत्येक वाक्याआधी नाक ओढी, म्हणून सासूबाईंनी त्याचं ते बारसं केलं होतं. सासूबाई दुपारभर स्टुडिओतल्या बाकड्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवत. त्यांनी ठेवलेलं नाव सहसा सुटत नसे. स्टुडिओचा सगळा व्यवहार बघणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला त्या ‘कारभारी’ म्हणत, आणि ते म्हणताना ओठ असे मुडपत की कारभाऱ्याबद्दलचं त्यांचं मत वेगळं सांगावं लागत नसे.

कारभारी घरात आणला तो वहिनींनी. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणते, फोटो काढायचे आणि बाकी सगळं वाऱ्यावर सोडायचे. कुणाच्या लग्नाची तारीख पाकिटाच्या पाठीवर, कुणाचा पत्ता तळहातावर. वहिनी तेव्हा पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून होत्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पावत्यांवर शिक्के मारायचे आणि लोकांची बोलणी खायची. एक दिवस त्यांनी राजीनामा दिला, स्टुडिओच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि कारभाऱ्याला कामाला लावलं.

आणि खरं सांगायचं तर कारभारी कामाला वाघ होता. गिऱ्हाइकाने स्टुडिओचं पान उघडायचं, कॅलेंडरातला पांढरा चौकोन निवडायचा, विसार भरायचा, की तारीख पक्की. करार तोच पाठवणार, आदल्या दिवशी आठवण तोच करणार, फोटो पोचले की आभारही तोच मानणार. करडा चौकोन म्हणजे दिवस भरलेला, तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहिली काही वर्षं रविवार असे भराभर भरले की दादांची बॅग कोपऱ्यात टेकायची नाही. वहिनींना तेव्हा वाटलं होतं, आपण आयुष्यात एक गोष्ट तरी शहाणपणाची केली.

मग कामं आटली. आधी थोडी, मग फारच. महिन्यात एखादं लग्न, एखादा वाढदिवस. वहिनींनी दर कमी केले, पानावरचे फोटो बदलले, जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवले. काही होईना. जो तो बोट दाखवणार ते वहिनींकडेच.

“पूर्वी माणूस माणसाशी बोलायचा, म्हणून माणसं यायची,” सासूबाई म्हणत. “आता तो कारभारी बोलतो. भुतासारखा.”

दादा लेन्सा पुसत बसत. नवरा टोमणे मारत नाही याचं वहिनींना आधी बरं वाटलं, मग तेच जास्त लागायला लागलं.

जागेचं भाडं अशा कामावर निघणं शक्य नव्हतं. तेवढ्यात कचेरीतल्या हेडक्लार्कबाईंचा फोन आला. एक जागा रिकामी झाली आहे, तुझं काम मला माहीत आहे, यायचं तर सोमवारी ये, पण शुक्रवार संध्याकाळच्या आत कळव. वहिनी “कळवते” म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ टेबलाकडे बघत राहिल्या. परत ते शिक्के!

नेमकं त्याच आठवड्यात शेजारच्या शिवणकामवाल्या बाई सहज बोलून गेल्या. त्यांच्या भाचीचं लग्न होतं. “तुमच्याच दादांना सांगणार होतो हो. पण तुमचे पुढचे सगळे रविवार भरलेले दिसले. म्हटलं, चला, बरं चाललंय तुमचं.”

वहिनी धावत आत आल्या आणि गिऱ्हाईक बघतं तसं पान उघडून बघितलं. त्या स्वतः रोज आतल्या बाजूची कामांची यादी बघत, बाहेरचं पान बघायची वेळ कधी आली नव्हती. रविवार, सगळे रविवार, करडे. काम एकाही दिवशी नाही आणि चौकोन मात्र भरलेले. दुकान उघडं ठेवून दारावर ‘बंद’ची पाटी लावावी, तसं ते चाललं होतं, आणि तेही कित्येक महिने. वहिनींना भयंकर राग आला आणि त्याखाली, कबूल करायला हरकत नाही, आनंदही झाला. म्हणजे चूक आपली नव्हती. कारभाऱ्याची होती. ती दुरुस्त झाली की कामं येतील आणि कचेरीला नाही म्हणता येईल.

म्हणून सर्दीवाला.

तो माणूस चिकाटीचा निघाला. त्याने आधी सुट्ट्यांची सोय तपासायला लावली, कधीतरी टाकलेली सुट्टी दर आठवड्याला उगवत नाही ना म्हणून. मग दुसरं कुठलं कॅलेंडर याला जोडलेलं आहे का ते पाहिलं. मग घड्याळाची वेळ. प्रत्येक वेळी वहिनी एकेक रविवार उघडून पांढरा करत, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर परत करडे.

“पासवर्ड अजून कुणाकडे आहे का, मॅडम?”

“यांच्याकडे आहे. पण ते त्याला हात लावत नाहीत. सकाळी कुठे जायचं तेवढा पत्ता बघतात, बस्स. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“ओके मॅडम,” सर्दीवाला म्हणाला आणि नाक ओढलं.

शुक्रवारी दुपारी त्याने नवीन शक्कल काढली. म्हणाला, आज सगळे रविवार मी इथून उघडतो. तुम्ही पान उघडं ठेवा, कशालाही हात लावू नका, फक्त बघा. मीही बघतो. फोन ठेवू नका.

वहिनी पडद्यासमोर बसल्या. चौकोन धुतल्यासारखे पांढरे दिसत होते. सासूबाई बाकड्यावर डुलक्या घेत होत्या. दादा मागच्या खोलीत होते, जिथे ते लोकांना पडद्यापुढे स्टुलावर बसवून फोटो काढतात. तिथून काही आवाज नव्हता. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि वहिनींचा डोळा लागणार इतक्यात पुढच्या महिन्याचा पहिला रविवार करडा झाला.

“झाला!” त्या ओरडल्या. सासूबाई दचकून जाग्या झाल्या.

“दिसला मॅडम. थांबा.”

मग दुसरा. मग थोडं थांबून तिसरा. चौथा करडा झाला, परत पांढरा झाला, तसाच राहिला थोडा वेळ, आणि परत करडा झाला.

पलीकडे सर्दीवाला नाकसुद्धा ओढेना.

“अहो, बोला की. काय बिघडलंय?”

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “सॉफ्टवेअरने केलं असतं तर सगळे एका झटक्यात गेले असते. हे एकेक करून जातायत. आणि तो चौथा बघितलात ना? सॉफ्टवेअर असा विचार करत नाही. हे कुणीतरी मोबाईलवर बोटाने करतंय.”

वहिनींनी फोन टेबलावर तसाच ठेवला आणि मागच्या खोलीचं दार ढकललं.

दादा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले होते, चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल नाकाशी धरून. अंगठा वरच्यावर राहिला. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते वहिनींनी कचेरीत पुष्कळ पाहिलं होतं. हा तसा नव्हता. हा नुसता दमलेला होता, इतका की लपवायचंही त्राण नसावं.

“तुम्ही?” वहिनी म्हणाल्या. “अहो, तुम्ही करताय हे?”

“हो.”

“मी इथे त्या परक्या माणसाशी डोकं फोडतेय रोज! तुमची आई मला बोलते, अख्खी गल्ली हळहळते, आणि तुम्ही इथे बसून… तोंड शिवलं होतं का तुमचं?”

दादांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. “पूर्वी लोक दारात यायचे,” ते म्हणाले. “विचारायचे, दादा, अमक्या तारखेला मोकळे आहात का? मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो. कधी खरंच मोकळा नसायचो. कधी मोकळा असूनही नाही म्हणायचो. माणूस आवडला नाही, नाहीतर अंगात कसकस असायची. आता कुणी विचारतच नाही. सकाळी मोबाईल सांगतो, इथे जा. जातो. बूट घालायला वाकलं की वाटतं, आता इथेच बसावं, उठूच नये. सगळ्या जगाचे रविवार काढले मी, स्वतःचा एक नाही.”

“मग सांगायचं ना मला!”

“तुला? तू नोकरी सोडलीस या पायी. कामं आली की तुझा चेहरा कसा फुलायचा. तुला कोणत्या तोंडाने सांगणार की मला नको म्हणून? आधी एकच रविवार बंद केला. कुणाला कळलं नाही. इतकं बरं वाटलं ना…” ते थांबले. “मग सवयच लागली.”

वहिनींना त्यांची दया आली, आणि दया आली म्हणूनच रागही आवरेना. “तुम्हाला कुणी विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “बरोबर आहे. माझंच चुकलं. पण सोमवारी मी परत शिक्के मारायला जायचं की नाही, ते तुम्ही या स्टुलावर बसून ठरवलंत. ते मला विचारलंत का?”

दादांनी मान वर केली. त्यांच्या तोंडाकडे बघूनच वहिनींना कळलं की हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. कामं आटली म्हणून बायको कचेरीत जाणार, आणि आपण रविवार बंद करतो म्हणून कामं आटली, या दोन गोष्टींची गाठ त्या माणसाने कधी मारलीच नव्हती. फोटोत कोण कुठे उभं राहायचं ते एका नजरेत कळणारा माणूस!

“उघड सगळे,” ते म्हणाले. “मी जातो. नको जाऊस तू तिकडे.”

ते गेले असते. वहिनींना शंका नव्हती. निमूट बूट घालून गेले असते, वधू-वरांना हसवून आले असते आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले असते. आजवर असंच तर चाललं होतं, आणि वहिनींनी ते थकणं कामाचं समजून सोडून दिलं होतं.

त्या पुढच्या खोलीत आल्या. फोन अजून चालू होता.

“मॅडम, तक्रार बंद करू का?” सर्दीवाल्याने विचारलं. सगळं ऐकलं असणार त्याने, पण माणूस सभ्य.

“करा. आणि मला एक सांगा. गिऱ्हाइकाने तारीख निवडली तरी आमच्या माणसाने हो म्हटल्याशिवाय पक्की होऊ नये, असं काही करता येतं का?”

“येतं की. ‘मंजुरी लागेल’ म्हणून आहे. ते सुरुवातीलाच बंद केलेलं दिसतंय तुमच्याकडे.”

“मीच केलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायला नको म्हणून.”

त्याने ते कुठे दडलंय ते दाखवलं. वहिनींनी ते चालू केलं आणि विचारणा कुणाच्या मोबाईलवर जावी या रकान्यात दादांचा नंबर घातला. मग सर्दीवर काढा घ्या म्हणाल्या. तो म्हणाला, ॲलर्जी आहे मॅडम, जात नाही. आणि दोघांनी फोन ठेवला.

“कारभाऱ्याला मी उगाच बोलले की काय,” सासूबाई बाकड्यावरून पुटपुटल्या. त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच माघार असावी. सुनेलाही उगाच बोलल्या होत्या, पण तेवढं मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही.

दादा दारात येऊन उभे होते. वहिनींनी हिशेब मनातल्या मनात केव्हाच करून टाकला होता. महिन्यात दोनदा जरी ते आपल्या मर्जीने गेले, तरी जागेचं भाडं त्यातून निघणार नव्हतं. जागा सोडली तर हे स्टूल, हे पडदे, हे दिवे न्यायचे कुठे, आणि या माणसाने मग बसायचं कुठे? त्यांना रडू आलं. रागही गेलेला नव्हता. इतकी वर्षं मान मोडून उभं केलं ते नीट चालत होतं, आणि तेच नको होतं, हे पचायला वेळ लागणार होता. त्यांनी नाक पुसलं आणि हेडक्लार्कबाईंना फोन लावला.

“येते सोमवारपासून,” त्या म्हणाल्या.

“छान! तुझी खुर्ची तीच आहे बघ. अजून करकरते.”

“एक विचारायचं होतं बाई. रविवारी सुट्टी असते ना अजून?”

“वेडी का काय तू?” बाई हसल्या. “रविवारी कोण पाणीपट्टी भरतं? असतेच की. का गं?”

वहिनींनी दाराकडे पाहिलं. त्या कचेरीत होत्या तेव्हा दर रविवारी घरी असायच्या आणि हे कुणाच्या तरी लग्नात. मग हे लग्नात आणि त्या या टेबलाशी, आणि गेले काही महिने दोघंही इथेच, गिऱ्हाइकाची वाट बघत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रविवारी दुपारी आपला नवरा घरात काय करतो, ते त्यांना माहीत नव्हतं.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे कधी नव्हती, म्हणून विचारलं.”