अर्ध्या जहाजाची कैफियत

मी एक जुना लाकडी नमुना आहे. एखाद्या माणसाला ‘काय नमुना आहे!’ म्हणतात, तसला नव्हे, मित्रांनो. जहाज बांधायला घेण्याआधी त्याचे अंग कसे असेल हे डोळ्यांना दिसावे म्हणून जो घडवतात, तो. त्यातही मी अर्धाच. जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून सुतार एकच बाजू तासतो आणि सपाट पाठीने ती फळीवर बसवून देतो.

आराखड्यांच्या कचेरीमागच्या खोलीत एका म्हाताऱ्या सुताराने मला तीन आठवडे तासले. फळ्या सरसाने चिकटवल्या, रंधा मारला, काचकागद फिरवला. हात चालू असताना तो पुटपुटायचा, “तोफा डोंगराएवढ्या, आणि पळायचं हरणासारखं! बसवणारे बसवोत बापडे.”

बसवणारा होता कचेरीतला एक आरेखक. पन्नाशीला आलेला, बिनलग्नाचा, बाहीवर कायम शाईचा डाग. त्या काळी मोठी लढाऊ जहाजे कोळशावर चालत. हे मात्र तेलावर चालणार होते. कोळशाचे वजन वाचेल, ते इंजिनांना देता येईल आणि जहाज तीस नॉट वेगाने धावेल, असा त्याचा बेत होता. वरिष्ठही त्या तीस आकड्यावर जीव टाकत होते.

रविवारी आरेखक मला कापडात गुंडाळून घरी न्यायचा. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत तो, दुसरीत त्याचा थोरला भाऊ. त्याला तो दादा म्हणायचा. दादाने पंचवीस वर्षे जहाजांच्या पोटात आगवाल्याचे काम केले होते. म्हणजे फावड्याने बॉयलरच्या तोंडात कोळसा फेकायचा. त्याच फावड्यावर धाकट्याचे शिक्षण झाले होते. आता दादाच्या छातीचा भाता झाला होता आणि तो दिवसभर खिडकीशी बसून असायचा.

एकदा जेवताना धाकटा उत्साहाने म्हणाला, “दादा, या जहाजावर फावडं नसेल! नुसतं चाक फिरवलं की तेल सुरू. दोनशे आगवाल्यांचं काम वीस जणांत होईल.”

त्याला वाटले, दादा खूश होईल.

“बरं झालं,” दादा म्हणाला आणि अर्ध्या ताटावरून उठला.

मग दोन रविवार त्या घरात भांड्यांखेरीज कोणी बोलले नाही. तिसऱ्या रविवारी धाकटा पेन्सिलींना टोक करत बसला होता. दादा आला आणि त्याने मला उचलून मांडीवर घेतले. कचेरीतले हात मऊ असत. हा हात खडबडीत होता, भेगांत कोळसा कायमचा बसलेला. तो माझ्या कुशीवरून फिरत फिरत मधोमध थांबला.

“इथं काय ठेवणार?”

“तेलाच्या टाक्या.”

“आमच्या जहाजात इथं कोळसा असायचा. ही जाड रास. एकदा तोफगोळा पत्रा फोडून आत आला आणि कोळशात रुतला. दुसऱ्या दिवशी फावड्यांनी उकरून काढला आम्ही. पलीकडच्या अंगाला चाळीस जण होतो.” दादाने धाकट्याकडे पाहिले. “तुझं तेल काय करील रे?”

धाकट्याच्या हातातली पेन्सिल थांबली. वाचलेले सगळे वजन त्याने इंजिनांच्या घशात घातले होते. कुशीतली माणसे उघडी पडली होती.

त्या दिवशी दोघांचा चहा दोनदा गार झाला. दादाने बोथट पेन्सिलीने माझ्या अंगावर रेघ ओढली. “इथपासून इथपर्यंत आत आणखी एक पोलादी भिंत घाल. आणि तेल खाली ने, पाण्याच्या पातळीखाली.” धाकटा आकडे मांडत होता, दादा चुका काढत होता आणि खोकला येईपर्यंत हसत होता. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

भिंतीमुळे वेग दीड नॉटने घटला. बैठकीत मुख्य साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. धाकटा मागे हटला नाही. तासभर भांडला. शेवटी साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, “पटलं. पण कोळसा हेच चिलखत होतं, हे आम्हा एवढ्या जणांत कुणाच्या लक्षात आलं नाही. तुम्हाला कसं आलं?”

टेबलाभोवती अकरा कडक कॉलर बसल्या होत्या. धाकट्याने एकदा त्या कॉलरींकडे पाहिले.

“सुचलं, साहेब.”

आणि अंगठ्याने त्याने माझ्यावरची रेघ पुसून टाकली.

घरी दादाने विचारले, “माझं नाव निघालं का रे?”

“निघालं की.”

चार दिवसांनी दादा कचेरीत हजर! इस्त्रीचा कोट, चोपून बसवलेले केस. मुख्य साहेब तिथेच उभे होते.

“मी यांचा थोरला भाऊ,” दादा हसून म्हणाला. “ती आतली भिंत...”

“त्या भिंतीचं तुम्हाला काय माहीत?” साहेबांनी विचारले.

दादाने धाकट्याकडे पाहिले. धाकटा माझ्याकडे पाहत राहिला.

“काही नाही, साहेब,” दादा म्हणाला. “घराची किल्ली द्यायला आलो होतो.” त्याने खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि भिंतीला धरत धरत जिना उतरला.

पुढच्या रविवारी दुसऱ्या खोलीत गुंडाळलेली गादी तेवढी होती. दादा बंदरावरच्या खलाशांच्या वसतिगृहात राहायला गेला होता. धाकटा मला आणायचा आणि कापड न सोडताच परत न्यायचा.

दीड वर्षाने वरून हुकूम आला की हे जहाज बांधायचे नाही. कागद कपाटात गेले. मला कोणी विचारले नाही. धाकट्याने मला मागून घेतले आणि अखेर बंदराची वाट धरली.

वसतिगृहाची मावशी घोंगड्यांच्या घड्या घालत होती. त्याला पाहताच म्हणाली, “तुम्ही धाकटे ना? अगदी त्यांचंच नाक! ‘माझ्या धाकट्यानं जहाज काढलंय, माणसं वाचतील अशी भिंत घातलीय त्यात,’ असं येईल त्याला सांगायचे.”

“कुठं आहे दादा?”

तिचे हात थांबले. “गेले हो. हिवाळा नाही निघाला त्यांना. तुमचा पत्ता मागितला होता मी. म्हणाले, कामात असेल तो, कशाला त्रास द्यायचा.”

धाकटा बाकावर बसला. मला मांडीवर घेऊन म्हणाला, “ती भिंत त्यानं सुचवली होती.”

“अगंबाई,” मावशी म्हणाली. “एका शब्दानं बोलले नाहीत कधी.”

मला तिथल्या फळीवर ठेवून तो गेला. पुन्हा आला नाही. खलाशी माझ्यावर ओल्या टोप्या वाळत घालतात. धूळ बसते, टवके उडतात. त्याचे मला काही नाही. मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणत नाही. ज्याच्यामुळे तुम्हाला काही सुचले, त्याचे नाव चारचौघांत घ्या. आणि ते ऐकायला तो असेल, तेव्हाच घ्या.