निरोगी माणसांचं रक्त

शिवऱ्याच्या फाट्यावर यास्मिन एसटीतून उतरली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ हाशिम पलीकडे टेम्पो लावून उभा होता. तिला पाहून तो हसला आणि बॅग घ्यायला पुढे आला. पाय फाकवून, एकेक पाऊल चाचपत, निसरड्या बांधावरून माणूस चालतो तसा. यास्मिनचं हसू ओठातच राहिलं. ही चाल तिने रुग्णांच्या व्हिडिओत कितीदा पाहिली होती, आणि त्यातला एकही रुग्ण पुढे बरा झाला नव्हता.

कंबर धरलीय, हाशिम म्हणाला. भोरपर्यंत तो उद्याच्या सत्काराबद्दलच बोलत राहिला. टेम्पो मधूनच डावीकडे सरकायचा, चाक डांबरावरून खाली उतरायचं. यास्मिन दाराची कडी घट्ट धरून बसली होती.

सत्कार होता तिच्या एका लेखाचा. संशोधकांची इभ्रत मोठी गमतीची असते. तुम्ही काय लिहिलंत याला फार किंमत नाही. इतर किती जणांनी तुमचा हवाला दिला, त्यावर तुमची उंची ठरते. यास्मिनच्या वीस वर्षांपूर्वीच्या त्या लेखाचे हवाले हजारावर गेले होते. तोल घालवणाऱ्या एका आजाराचा संशय एका जनुकातल्या बदलावर होता. तोच बदल यास्मिनला भोर-वेल्ह्यातल्या धडधाकट माणसांत सापडला. म्हणजे तो निरुपद्रवी, असं तिने लिहिलं आणि जगाने मान्य केलं. प्राध्यापकी, बक्षिसं, परदेशवाऱ्या, सगळं त्या लेखाने दिलं.

ती धडधाकट माणसं कोण होती, हे मात्र कुणी विचारलं नाही. वेल्ह्यातले मार्गासनीकडचे लोक रक्त द्यायला कचरले होते. नमुने गोळा करायला दिवस थोडे उरले होते. तेव्हा यास्मिनच्या अम्माने, म्हणजे गुलजारबीने, घरचा सगळा गोतावळा ओट्यावर आणून बसवला. चुलते, आत्या, मामा, पंचविशीतला हाशिम. यास्मिन प्रत्येकाला विचारायची, घरात कुणाचा तोल जातो का? ‘न्हाई’ असं उत्तर अम्माच द्यायची. सगळे नातलग आहेत, हे लेखात लिहायला हवं होतं. घाईत तेही राहिलं. स्वतःचं रक्त तिने कधी तपासलं नव्हतं.

घरी पोचल्यावर हाशिम उंबऱ्याशी भिंत धरून आत गेला. यास्मिनने अम्माला मागच्या पडवीत गाठलं आणि आजोबा मौलाली कशाने गेले, असं सरळच विचारलं. विहिरीत पाय घसरून, अम्मा म्हणाली. यास्मिन हलली नाही. तेव्हा म्हातारी खाली बसली.

"शेवटी शेवटी त्यांना घोटभर पाणी धरवत न्हवतं. त्यांच्या भावाचंबी तसंच. तुजं लगीन व्हायचं हुतं. घरात असला रोग हाय, आसं मी चारचौघांत सांगू?"

यास्मिनला अम्माचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. अख्खं घर तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिने ते निरोगी म्हणून जगापुढे मांडलं होतं.

तेवढ्यात हाशिमची मुलगी गुलफशा फाईल घेऊन आली. तिला चौथा महिना होता. पुण्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासून घेतलं होतं आणि जनुकातला तोच बदल निघाला होता. पुढे शेरा होता, निरुपद्रवी. खाली बारीक अक्षरात आधार दिला होता, यास्मिनचाच लेख.

"फुफी, तुमचं नाव हाय बगा. डॉक्टरला म्या सांगितलं, ही माजी सख्खी फुफी."

यास्मिनने तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. हाशिमला का झालं, ते आता स्पष्ट झालं होतं. गुलफशाला पुढे काय होणार, तेही. पोटातल्या बाळाची तपासणी आत्ताच होऊ शकत होती, थोडे दिवस गेले की वेळ निघून जाणार होती. अम्माने तिचं मनगट पकडलं. पोरीच्या सासरी कळलं तर ते नांदवणार नाहीत, उद्याचं तेवढं पार पडू दे, असं ती कानाशी पुटपुटत होती.

"गुलफशा, हे खरं नाही," यास्मिन म्हणाली. "तो लेख चुकलाय. माझ्या हातून चुकलाय." मग तिने सगळं सांगितलं, आजोबांचं, हाशिमच्या चालीचं, बाळाचं. हाशिम दारात येऊन उभा होता. त्याने चौकट धरली होती आणि ऐकत होता.

गुलफशा रडेल असं यास्मिनला वाटलं होतं. पोरीने तिच्या हातातला कागद घेतला आणि खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"फुफी, हाच रिपोट आजून कितीजणींस्नी गेला आसंल?"

आपल्या हवाल्यांचा आकडा यास्मिनला तोंडपाठ होता. त्यांच्यामागे माणसं किती, हे तिने कधी मनातही आणलं नव्हतं.

"मला ठाऊक नाही गं," ती म्हणाली. "असे रिपोर्ट आजही जात असतील."