नजरेचा नकाशा

तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला सारेजण ‘घार’ म्हणत. बावीस वर्षांत उसवलेला एकही टाका तिच्या नजरेतून निसटला नाही, अशी तिची ख्याती होती. तिचा एकुलता एक मुलगा मल्टिमीडिया डिझाइनच्या अखेरच्या वर्षात शिकत होता. स्वतंत्र संशोधन प्रकल्पासाठी त्याने आईचाच कारखाना निवडला, यात नवल ते काय!

विषयही त्याने स्वतःच ठरवला होता. कामगार बायकांपैकी अनेकींना वाचता येत नसे. त्यांना कपड्यातील दोष कळवता यावा म्हणून अक्षरांविना, केवळ चित्रांचा संगणकी पडदा रचावा, आणि त्या पडद्यावर बायकांची नजर कोठे कोठे विसावते हे लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने टिपावे, अशी ती योजना होती. जेथे नजर थांबेल तेथे तांबडा ठिपका उमटे, आणि त्या ठिपक्यांतून नजरेचा नकाशा तयार होई. चाचणी संपताच तो नकाशा कोणतेही बटण न दाबता आपोआप उघडे. ही करामत त्याने पंधरा दिवस खपून साधली होती आणि तिचा त्याला मोठा अभिमान होता.

सुपरवायझरने परवानगी दिली, परंतु एका अटीवर. “बारा बायका देतो. बाराही जणींचे नकाशे मला दाखवायचे. कोणाचं लक्ष कुठं असतं ते मलाही कळू दे जरा.”

मालाच्या खोलीत एकेकीला बोलावून चाचणी सुरू झाली. पडद्याच्या डाव्या बाजूस ‘थांबा’ सांगणारा पंजा होता, त्यावर बोट ठेवायचे होते. अकरा जणींनी तो पाहता पाहता शोधला. बारावी घार. ती पडद्यासमोर कितीतरी वेळ घुटमळली.

“अरे, तो पंजा काढलायस तरी का?”

बाहेर बायका टपूनच होत्या. “काय गं घारे, लेकाच्या परीक्षेत नापास?”

“लेकानंच पेपर अवघड काढलाय मेला!” असे म्हणून तीही हसली.

मुलाला मात्र स्वतःचीच लाज वाटली. दोष आपल्या मांडणीत आहे, अशी त्याची खात्री झाली. त्याने पंजा मोठा केला. मग तो लुकलुकता केला. मग त्याचा रंग बदलला. तिन्ही वेळा अकरा जणी उत्तीर्ण झाल्या आणि आईचे ठिपके उजवीकडेच दाटले. चौथ्या वेळी त्याने पंजा उजव्या कडेला नेला. आईने क्षणात बोट ठेवले! तो आनंदाने धावतच कॉलेजातल्या मार्गदर्शक बाईंकडे गेला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. “अकरा जणींना डावीकडचं दिसलं ना? मग चित्र कशाला हलवतोस? त्या बाराव्या बाईला विचार.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आई जेवायला बसली तेव्हा त्याने पाण्याचा पेला तिच्या ताटाच्या डावीकडे ठेवला. दोन घासांनी तिला ठसका लागला.

“पाणी दे रे.”

“ठेवलंय की, आई.”

तिचा हात उजवीकडे गेला, ताटाभोवती चाचपडला आणि थांबला. मुलाने पेला तिच्या हाताशी सरकवला.

“कधीपासून?”

“दोन वर्षं होतील. समोर बघितलं की डावीकडचं नसतंच.”

“आणि काम?”

“शेजारच्या खुर्चीवरची आहे ना. डावी बाजू ती बघते, मग तुकडा फिरवून माझ्यापुढं सरकवते. सांभाळून घेतात रे सगळ्याजणी.” ती जरा थांबली. “तुझ्या त्या ठिपक्यांत कळतं का रे हे?”

त्याने मान हलवली.

“मग पुसून टाक.”

“आई, आधी डॉक्टरकडे चल.”

“जाऊ ना. तू पास झालास की जाऊ. तोवर माझी खुर्ची राहू दे, राजा. आत्ता कळलं तर एक दिवस ठेवायचे नाहीत.”

संशोधकाने आपल्या नोंदींशी प्रतारणा करू नये, हे त्याने वहीच्या पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवले होते. तथापि त्या संध्याकाळी त्याने बाराव्या क्रमांकाच्या साऱ्या नोंदी पुसून टाकल्या.

सुपरवायझरने नकाशे मोजून घेतले. “हे अकराच आहेत.”

“बाराव्या वेळी कॅमेरा बिघडला होता, साहेब.”

“मग आत्ता घे. इथंच, टेबलावर. मी बघतो.”

भोवतालच्या शिलाई यंत्रांचा आवाज एकेक करून थांबत गेला. मुलाला युक्ती सुचली. उजव्या कडेला पंजा असलेला पडदा त्याच्यापाशी अजून होता. त्याने तोच उघडला. आईने कात्री टेबलावर ठेवली आणि पुढे वाकून बोट नेमके पंज्यावर टेकवले.

“घार ती घार!” सुपरवायझर खुशीत म्हणाला.

शेजारणीने रोखलेला श्वास सोडला. मुलाने लॅपटॉप मिटण्यासाठी हात पुढे केला. परंतु तो पोहोचण्यापूर्वीच नकाशा आपोआप उघडला होता. उजवा अर्धा भाग तांबड्या ठिपक्यांनी दाटलेला. डावा अर्धा भाग कोऱ्या कापडासारखा पांढरा.

आईने त्याकडे कौतुकाने पाहिले. “बघा साहेब, कसा गच्च भरलाय सगळा!”

सुपरवायझरने पांढऱ्या भागाकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याने आपला हात उघडा करून तिच्या डाव्या कानापाशी धरला. ती नकाशाकडे पाहून हसतच राहिली.

“मावशी,” तो हळू आवाजात म्हणाला, तशी ती दचकून त्याला शोधू लागली. “कात्री जमा करा.”

कात्री टेबलाच्या डावीकडे पडली होती. आईचा हात उजवीकडे चाचपडू लागला. तेव्हा शेजारणीने, दोन वर्षांच्या सवयीने, ती उचलली आणि हलकेच तिच्या उजव्या हातात दिली.