खालचा अर्धा वाटा

सायकल शर्यतींच्या इतिहासात आमच्या घराण्याचं नाव आहे, आणि त्यात माझी भर म्हणजे माझं बूड. हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही. कित्येक वर्षं मी त्याच्याच जोरावर गावात मिरवले.

पपा चामड्याच्या सीट बनवतात. आमच्या मारोस्तिका गावातल्या मुलींचा संघ निघाला तेव्हापासून त्यांच्या सायकलींवर पपांचीच सीट. कोरी सीट शर्यतीला द्यायची नाही हा घरचा नियम, कारण कोरं चामडं चावतं. हिवाळाभर घरातल्या कुणीतरी ती चालवून मुरवायची. कुणीतरी म्हणजे कुणीही नव्हे. संघात नवी मुलगी आली की ती आमच्या कारखान्यात, दार लावून, ओल्या मातीच्या लादीवर बसते. माती शेजारच्या नोवे गावातल्या कुंभारांकडची. बसण्याच्या दोन हाडांचे खळगे उमटतात, लादी वाळली की भिंतीवर लागते. घरात ज्याचे खळगे तिच्याशी जुळतील, त्याने तिची सीट मुरवायची.

खळगे जुळले असं पपांनी सांगितलं, आणि संघाची कर्णधार दिलेत्ता माझ्या वाट्याला आली. ती जिंकली की चौकातल्या बारमधून आरोळी उठायची, "नेवेस! खालचा अर्धा वाटा तुझा!" दुसरी एखादी लाजून चूर झाली असती. मी उठून वाकून नमस्कार करायची आणि मिळालेला स्प्रित्झचा, म्हणजे सोडा घातलेल्या वाइनचा, पेला रिकामा करायची.

या वसंतात मात्र गाडं अडलं. साच्यातून सीट काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीने संघाला आपल्या सीट देऊ केल्या. संघ चालवणाऱ्या बाईंनी पपांना सरळ सांगितलं, "दिलेत्ता म्हणेल ते. तिला तुमची सीट हवी असेल तर आपलं नातं चालू, नाहीतर या रविवारची शर्यत शेवटची." पपा दोन दिवस जेवले नाहीत.

मी निर्धास्त होते. माझं बूड होतं ना!

शुक्रवारी दिलेत्ता आली आणि तिने सीट टेबलावर आपटली.

"नेवेस, चावतेय ही. डावीकडून."

"तुझ्यासाठी हिवाळाभर रोझिनाचा घाट चढलेय मी!"

"चढली असशील. पण चावतेय. बस बघू परत मातीवर."

बसले. नुकतीच पोलेंटा, म्हणजे मक्याची उकड, आणि बाकाला या सुक्या मासळीची दोन ताटं संपवली होती, त्यामुळे माती जरा जास्तच दबली. दिलेत्ताची जुनी लादी पपांनी शेजारी ठेवली. तिचे खळगे जवळजवळ, अगदी लागून. माझे दोन खळगे म्हणजे भांडून वेगळे राहिलेले भाऊ.

"पोलेंटा सोडते," मी म्हणाले. "आजपासून."

"चरबी नाही गं ती," पपा खाली बघत म्हणाले. "हाड आहे. तुझं हाड तिच्याशी कधीच जुळलं नव्हतं."

"मग इतकी वर्षं सीट मुरवली कुणी?"

पपांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे त्यांची थोरली बहीण, पाल्मिरा आत्या, अस्पारागस सोलत बसली होती. शेजारी कुबडी. जानेवारीत ती बर्फावर घसरली, खुब्याचा सांधा बदलावा लागला, आणि तेव्हापासून तिची पहाटेची सायकल बंद होती. पहाटेच्या प्रार्थनेला ती टेकडीवरच्या चर्चला सायकलने जायची. आता उलगडलं की हिवाळ्यात ती सायकलला दिलेत्ताची सीट लावून जायची. मी दुपारी सीट बिघडवायची, ती पहाटे दुरुस्त करायची. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर त्या नागोबालाच गावाचे नमस्कार!

"आत्या, मला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं?" आत्या सुरी नाचवत म्हणाली. "बारमधल्या त्या रिकामटेकड्यांनी माझ्या बुडाच्या नावाने आरोळ्या ठोकायच्या? मी चर्चमध्ये गाते!"

"आणि माझ्या नावाने ठोकलेल्या चालल्या?"

"तुला कुठे लाज होती, बाळा?"

दिलेत्ता आत्यापाशी जाऊन बसली. "आत्या, तुझी स्वतःची सायकल कुठे आहे?"

सायकल मागच्या पडवीत होती, पुढे भाजीची टोपली लावलेली. तिची मूळची सीट, हिवाळा सोडून वर्षभर आत्याच्या बुडाखालची, उन्हाने विटलेली, कडेला भेगाळलेली. दिलेत्ता त्यावर बसली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "हीच." पपांनी पाना आणला आणि ती सीट सोडवली.

रविवारी संघाच्या चकचकीत सायकलवर ती म्हातारी सीट बघून बाकीचे संघ हसले. रोझिनाच्या घाटात हसणाऱ्या एकेक करून मागे पडल्या. दिलेत्ता दुसरी आली. फरशीवर बुद्धिबळाचा पट आखलेल्या आमच्या चौकात सायकलवरून न उतरताच तिने संघाच्या बाईंना सांगितलं, "मी सीट बदलणार नाही." पपांनी तोंडावर टोपी ओढून घेतली.

आणि दुसऱ्या नंबरावरही बार गरजला, "नेवेस! खालचा अर्धा वाटा तुझा!"

मला ती आरोळी हवी होती. खरं कळल्यावरही हवी होती, सवयच लागली होती. गप्प राहिले असते तर कुणाला पत्ता लागणार होता? पाय आपोआप उठले, मान वाकायला लागली.

कुबडी फरशीवर आपटली.

"खाली बस, नेवेस," आत्या म्हणाली. तिच्या अंगात चर्चमधला पांढरा सदरा होता आणि आवाज प्रार्थनेत लागतो तसाच, वरचा. "तो वाटा माझा आहे. पहिल्यापासून."

पाद्रीबाबांना ठसका लागला. बारमालक टोपी काढून बाहेर आला आणि स्प्रित्झ तिच्यापुढे ठेवली. माझी नेहमीची, ऑलिव्ह घातलेली. मी सगळ्यांबरोबर हसले. घरी जाताना थोडी रडलेही, पण ते स्प्रित्झसाठी असावं.

डॉक्टरांनी आत्याला जागेवरच पेडल मारायला सांगितलंय. कारखान्यात खिडकीपाशी सायकल स्टँडवर चढवली आहे, त्यावर दिलेत्ताची नवी सीट. आत्या पेडल मारते, मी टॉवेल धरून उभी असते. एवढं काम मला उरलं आहे. खिडकी नेमकी बारसमोर. पहिल्या दिवशी मी विचारलं, "पडदा ओढू का?"

"कशाला?" आत्या म्हणाली. "इतकी वर्षं तुझं बघितलं ना त्यांनी? आता माझं बघू देत."